पीझो चकतीने हवेचा झोत काढायचा तर आधी पोकळी आणि भोक बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ३५ मिमीची पितळी पीझो बझर चकती (वीज दिली की वाकणारी), थ्रीडी प्रिंटरवर छापलेली ३२ मिमी व्यासाची आणि ८ मिमी खोल डबी, समोरच्या ३ मिमी जाड भिंतीत १ मिमीचं भोक. ट्रान्झिस्टरमधून १२ व्होल्टची चौरस लहर ३ किलोहर्ट्झवर दिली आहे. चकती कर्कश वाजते, पण भोकासमोर बोट धरलं तर वारा लागत नाही. ३ वॉटचा एलईडी थंड करायचा आहे. बिघडलं कुठे, आणि पंख्याशिवाय हे जमेल का?

जमेल. तुमची चकती ठीक आहे, ती आवाज करते म्हणजे हलतेही आहे. बिघाड डबीत आहे, आणि तो कागदावर दोन ओळींत दिसतो. पण त्याआधी अशा झोताचं तत्त्व सांगतो, कारण ते डोक्यात पक्कं नसेल तर पुढचे आकडे निव्वळ पाठ होतील.

एका बाजूला भोक असलेल्या बंद डबीत पडदा मागेपुढे हलला की हवा त्याच भोकातून आत येते आणि त्याच भोकातून बाहेर जाते. एका फेऱ्याचा हिशोब केला तर बाहेर गेलेली हवा शून्य. तरीही समोर सरळ जाणारा झोत तयार होतो. याचं कारण जाणं आणि येणं सारखं नसतं. मेणबत्ती हातभर अंतरावरून फुंकून विझते, पण तितक्याच जोराने श्वास आत ओढला तर ज्योत हलतसुद्धा नाही. बाहेर पडणारी हवा भोकाच्या कडेवरून सुटते, गुंडाळते आणि तिचं भोवऱ्याचं एक कडं बनून पुढे निघतं. आत येणारी हवा मात्र चहूबाजूंनी, अगदी भोकाच्या लगतच्या भागातून ओढली जाते. कडं पुरेसं पुढे निसटलं असेल तर ओढीचा टप्पा त्याला परत आणू शकत नाही. अशी कडी एकामागून एक निघत राहिली की थोड्या अंतरावर त्यांचा अखंड झोत होतो. याला सिंथेटिक जेट म्हणतात. छिद्रातून आवाजाच्या लहरी गेल्या की हवेचं असं अभिसरण होतं हे इंगार्ड आणि लाबाटे यांनी १९५० मध्येच नोंदवलं होतं. आज ज्या रूपात आपण ते वापरतो ते मुख्यतः अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमधल्या कामातून आलं. स्मिथ आणि ग्लेझर यांचा १९९८ चा शोधनिबंध या विषयात अजूनही पहिला वाचावा असा आहे.

आता कळीचा मुद्दा. कडं निसटतं की परत ओढलं जातं हे एका गुणोत्तरावर ठरतं. एका ढकलीत भोकातून हवेचा जो दांडा बाहेर पडतो त्याची लांबी भागिले भोकाचा व्यास. आम्ही याला स्ट्रोक म्हणतो. गोल भोकासाठी हे गुणोत्तर साधारण ०.५ च्या खाली असेल तर झोत बनतच नाही, हवा भोकात नुसती आतबाहेर करत राहते. होल्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हा निकष नीट मांडला. तेव्हा झोत का येत नाही असं कुणी विचारलं की माझा पहिला प्रश्न व्होल्ट किती किंवा फ्रिक्वेन्सी किती हा नसतो. स्ट्रोक किती, हा असतो.

तुमच्या डबीचा स्ट्रोक काढू. त्यासाठी डबीची स्वतःची फ्रिक्वेन्सी लागते. पोकळीतली हवा स्प्रिंगचं काम करते आणि भोकातली हवा वजनाचं, ही दोन्ही मिळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर डोलतात. हाच हेल्महोल्ट्झ अनुनाद. सूत्र सोपं आहे: भोकाचं क्षेत्रफळ भागिले पोकळीचं आकारमान आणि भोकाची परिणामी लांबी यांचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ, त्याला आवाजाच्या वेगाने गुणायचं आणि दोन पायने भागायचं. परिणामी लांबी म्हणजे भिंतीची जाडी अधिक भोकाच्या व्यासाच्या ०.८५ पट, कारण भोकाच्या दोन्ही तोंडांशी थोडी जास्तीची हवाही सोबत हलते. तुमच्या डबीचं आकारमान साधारण ६,४३० घन मिमी, भोकाचं क्षेत्रफळ ०.७८५ चौ. मिमी, परिणामी लांबी ३.८५ मिमी. उत्तर येतं ३०० हर्ट्झच्या आसपास.

आणि तुम्ही ती चालवताय ३,००० हर्ट्झवर! हेल्महोल्ट्झच्या फार वर गेलं की भोकातली हवा आपल्या जडत्वामुळे जागची हलायलाच तयार नसते, चकती फक्त आतली हवा दाबते आणि सोडते. दहापट वर गेलात तर चकतीने सारलेल्या हवेचा जेमतेम शंभरावा हिस्सा भोकातून जातो. चकतीचा मध्य दोन्ही बाजूंना १० मायक्रोमीटर हलतो असं उदारपणे धरलं, तर कडा पकडलेली चकती एका ढकलीत सुमारे ५.४ घन मिमी हवा सारते. त्याचा शंभरावा हिस्सा ०.०५ घन मिमी, म्हणजे भोकातून बाहेर येणारा दांडा ०.०७ मिमी लांब. स्ट्रोकचं गुणोत्तर ०.०७. लागतं ०.५. बोटाला वारा लागणार कुठून?

३ किलोहर्ट्झ तुम्ही कशावरून निवडलंत याचा अंदाज येतो. तिथे चकती सर्वांत मोठ्याने वाजते. पितळ आणि सिरॅमिक मिळून अर्धा मिमी जाडीची, ३२ मिमीवर पक्की पकडलेली चकती सुमारे ३.२ किलोहर्ट्झवर अनुनादते, गणितही तेच सांगतं. पण बझर आवाजासाठी बनवलेला असतो. आवाज आणि झोत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कान तुम्हाला चकतीची फ्रिक्वेन्सी दाखवतो, डबीची नाही.

दुरुस्ती अशी करा. पोकळीची खोली ८ वरून २ मिमीवर आणा आणि भोकाची पाटी १ मिमी जाडीची घ्या. आकारमान १,६०० घन मिमीच्या आसपास येतं, परिणामी लांबी १.८५ मिमी, आणि हेल्महोल्ट्झ फ्रिक्वेन्सी थेट ८९० हर्ट्झपर्यंत चढते. आता ४०० हर्ट्झपासून ९०० हर्ट्झपर्यंत चकतीने सारलेली हवा खरोखर भोकातून जाईल, ९०० च्या जवळ तर सारलेल्यापेक्षा जास्त. तोच १० मायक्रोमीटरचा हेलकावा धरला तर दांडा ६.८ मिमी, गुणोत्तर जवळजवळ ७. ४०० हर्ट्झवर ढकलीच्या टप्प्यातला सरासरी वेग साधारण साडेपाच मीटर प्रतिसेकंद, ९०० वर अनुनादाचा फायदा न धरताही १२ मीटर. हा वारा बोटालाच काय, ओठालाही स्पष्ट कळतो.

पोकळी आणखी पातळ का करू नये? करा, पण चकती समोरच्या पाटीला टेकणार नाही आणि भोकापर्यंत हवेला वाट मोकळी राहील इतकी. अर्ध्या मिमीच्या खाली मी जात नाही. भोकाच्या बाबतीत उलटा मोह होतो: भोक बारीक केलं की वेग वाढेल. काही अंतरापर्यंत वाढतो, मग हवेची चिकटाई आडवी येते. ९०० हर्ट्झवर भिंतीलगतचा चिकट थर सुमारे ०.०७ मिमीचा असतो. १ मिमीच्या भोकात तो खपून जातो, ०.३ मिमीच्या भोकात दोन्ही बाजूंचे थर मिळून अर्धा व्यास खाऊन टाकतात. आणि धूळ वेगळीच. हा झोत जी हवा फेकतो तीच आत ओढतो, त्यामुळे आपल्याकडच्या धुळीत बारीक भोक लवकर बुजतं. ०.८ ते १.५ मिमी हा पल्ला सुरुवातीला बरा.

वरच्या हिशोबात मी १० मायक्रोमीटर गृहीत धरले. ते मिळवणं हे खरं काम आहे, आणि इथे चकतीची पकड आणि व्होल्टेज येतात. ९०० हर्ट्झवर तुमची चकती स्वतःच्या अनुनादापासून दूर असेल, म्हणून ती जवळजवळ व्होल्टेजच्या प्रमाणातच वाकते. १२ व्होल्टच्या चौरस लहरीत, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना सहा व्होल्टमध्ये, मायक्रोमीटरभर मिळालं तरी खूप. ५० व्होल्टच्या आसपास नेलं की पक्क्या पकडीत काही मायक्रोमीटर आणि कडा मऊ आधारावर ठेवली तर दहाच्या जवळ. कडा इपॉक्सीने घट्ट बसवली की चकती ताठ होते. तीच कडा दोन पातळ सिलिकॉन रिंगांच्या मध्ये हलकी दाबून धरली तर हेलकावा वाढतो आणि अनुनाद जवळजवळ निम्म्यावर उतरतो, म्हणजे ३.२ वरून दीडेक किलोहर्ट्झवर. तुमच्यासाठी हे दुहेरी फायद्याचं, कारण चकती आणि पोकळी यांच्या फ्रिक्वेन्सी जवळ येतात. फक्त लक्षात ठेवा, जवळ आल्यावर त्या एकमेकींना ढकलतात. जोडलेल्या यंत्रणेत दोन शिखरं दिसतील, एक दोघींच्या खाली आणि एक वर, आणि त्या दोन शिखरांचा गुणाकार मूळ दोन फ्रिक्वेन्सींच्या गुणाकाराइतका राहतो. फ्लोरिडा विद्यापीठातल्या गटाने २००३ मध्ये विद्युत मंडलासारखं प्रतिरूप मांडून हे दाखवलं. शिखरं गणिताशी जुळत नाहीत म्हणून गोंधळून जाऊ नका, गुणाकार जुळतो का बघा.

कोणतं शिखर कुणाचं हे ओळखायची एक हातची युक्ती आहे. भोकाशेजारी, समोर नव्हे, छोटा मायक्रोफोन ठेवा आणि व्होल्टेज कमी ठेवून २०० हर्ट्झपासून ५ किलोहर्ट्झपर्यंत सावकाश जा. शिखरं टिपून घ्या. मग भोकावर चिकटपट्टी लावून पुन्हा तेच करा. जे शिखर नाहीसं झालं ते पोकळीचं. जे थोडं सरकलं तरी राहिलं ते चकतीचं.

व्होल्टेज वाढवताना सिरॅमिकचा जीव सांभाळा. बझरच्या चकतीतलं सिरॅमिक ०.२ मिमीच्या आसपास असतं. ध्रुवणाच्या, म्हणजे सिरॅमिक बनवताना त्याला कायमची दिलेल्या विद्युत दिशेच्या, उलट दिशेने दर मिमीला ३०० व्होल्टच्या पलीकडे मऊ पीझेडटीला (या जातीच्या पीझो सिरॅमिकला) न्यायचं नाही असा माझा दंडक आहे, म्हणजे इथे उलट दिशेने ६० व्होल्ट. त्याहून जास्त हेलकावा हवा असेल तर लहर ध्रुवणाच्या दिशेला सरकवा, म्हणजे सुलट बाजूला जास्त आणि उलट बाजूला कमी. लहर साइनच असू द्या. चौरस लहरीतले वरचे स्वरक चकतीला हवं ते काहीच देत नाहीत. देतात ते कर्कशपणा, उष्णता आणि कडेला तडे. ड्रायव्हरसाठी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची डीआरव्ही८६६२ ही चिप सोयीची: आतच १०५ व्होल्टपर्यंत चढवणारा बूस्ट आहे आणि टोकापासून टोकापर्यंत २०० व्होल्ट देते. छोटा ऑडिओ ॲम्प्लिफायर आणि उलटा जोडलेला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरही चालतो, पण त्याच्या टर्मिनलला चालू असताना हात लावायचा नाही. विद्युतप्रवाह फार लागत नाही. ३० नॅनोफॅरडची चकती ९०० हर्ट्झवर आणि ५० व्होल्टवर साडेआठ मिलिअँपिअर घेते.

वायर जोडण्याकडे लोक फार दुर्लक्ष करतात. सिरॅमिकवरचा चांदीचा थर अतिशय पातळ असतो. जास्त वेळ सोल्डरिंग आयर्न टेकवलं की तो टिनात विरघळून निघून येतो, आणि त्या जागचं ध्रुवणही जाऊ शकतं. पातळ, मऊ वायर घ्या, टोक आधीच टिन करून ठेवा आणि सेकंद-दोन सेकंदांत काम उरका. टाका सिरॅमिकच्या कडेजवळ द्या, मध्यावर कधीच नको. मध्यावरचा टिनाचा थेंब सर्वांत जास्त हलणाऱ्या जागी वजन लादतो आणि चकती तिरकी डोलायला लागते.

डबी थ्रीडी प्रिंटची असेल तर दोन गोष्टी तपासा. छापलेल्या थरांमधून हवा झिरपते, म्हणून आतून इपॉक्सीचा हात फिरवा. आणि समोरची पाटी छापू नका, १ मिमी ॲल्युमिनियमची लावा आणि भोक ड्रिलने पाडून कडेला उरलेली धातूची बर काढून टाका. मागची बाजूही बघा: चकतीच्या मागे बंद जागा ठेवली तर ती दुसरी स्प्रिंग होते आणि हेलकावा कमी करते. मागे मोठी खिडकी ठेवा, किंवा मागेही तशीच पोकळी आणि भोक करून एका चकतीतून दोन झोत घ्या. ते विरुद्ध कलेत निघतात, म्हणजे एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, त्यामुळे लांबवरचा आवाजही थोडा एकमेकांत जिरतो.

झोत आहे की नाही बघायला महागडं काही नको. खोलीतले पंखे बंद करा, मागे काळा कागद लावा आणि उदबत्ती भोकाच्या बाजूला, दोनेक सेंटिमीटरवर धरा. झोत असेल तर धूर बाजूने भोकाकडे ओढला जाईल आणि समोर सरळ रेघेत फेकला जाईल. धूर नुसता थरथरला तर स्ट्रोक कमी आहे. हॉट वायर अ‍ॅनिमोमीटर (तापलेल्या तारेने वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर भोकाच्या तोंडाशी धरून वेग मोजू नका. त्या तारेला दिशा कळत नाही, आत जाणारी हवाही ती बाहेरची म्हणून मोजते आणि सिग्नल दुप्पट फ्रिक्वेन्सीचा दिसतो. पाच-सहा व्यास पुढे गेल्यावर परतीची हवा उरत नाही, तिथे मोजा.

आता तुमचा एलईडी. ३ वॉटपैकी उष्णता म्हणून दोनेक वॉट बाहेर काढायचे आहेत. स्थिर हवेत उष्णता-वहनाचा गुणांक १० वॉट प्रति चौ. मीटर प्रति अंश धरू. खोलीपेक्षा ४० अंश जास्त तापमान चालणार असेल तर ५० चौ. सेंमी पृष्ठ लागतं, म्हणजे सात सेंमी बाजूची पाटी. आयआयटी मुंबईत विद्युतचुंबकीय पडद्याने केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सिंथेटिक जेटने हा गुणांक स्थिर हवेच्या ११ पटींपर्यंत गेला. तुमच्या एका १ मिमी भोकाकडून पूर्ण पाटीवर इतकी अपेक्षा ठेवू नका, कारण त्याचा मारा मध्यावरच्या छोट्या वर्तुळात असतो. सरासरी पाचपट मिळाला तरी १० चौ. सेंमी पुरतात, म्हणजे सव्वातीन सेंमी बाजूची पाटी. भोक पाटीपासून पाच ते दहा व्यास अंतरावर ठेवून सुरुवात करा आणि तापमान बघत सरकवा. फार जवळ नेलंत तर पाटीवरून परतलेली तापलेली हवाच डबी पुन्हा आत ओढते आणि झोत जोरात असूनही एलईडी गरम राहतो. अडचण आली की बहुतेक वेळा हीच असते, आणि लोक ती व्होल्टेज वाढवून सोडवायला बघतात.

मनापासून सांगतो, जागा असेल तर सात सेंमीची पाटी लावा आणि मोकळे व्हा. हा झोत तिथेच शोभतो जिथे जाडी काही मिमीच मिळते, जिथे पंख्याचं बेअरिंग टिकत नाही, किंवा जिथे एका ठरावीक तापलेल्या ठिकाणावरच मारा हवा असतो. शिवाय ९०० हर्ट्झ कानाला फार बोचतो. त्यातून सुटण्याचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे मोठी, मऊ चकती घेऊन दीडदोनशे हर्ट्झच्या खाली उतरणं. जीईने (जनरल इलेक्ट्रिक कंपनीने) लॅपटॉपसारख्या उपकरणांसाठी दाखवलेली ४ मिमी जाडीची ड्युअल कूल जेट ही दोन पीझो पाट्यांच्या भात्याची रचना त्याच वाटेची. दुसरा रस्ता म्हणजे २० किलोहर्ट्झच्या वर जाणं, जिथे कान संपतो. जपानच्या मुराता कंपनीचा मायक्रोब्लोअर हा छोटा हवापंप २० मिमी चौरस, १.८५ मिमी जाड, सुमारे २५ किलोहर्ट्झवर चालतो. फ्रोर सिस्टिम्सने २०२२ च्या शेवटी जाहीर केलेला एअरजेट मिनी २.८ मिमी जाडीत एक वॉट वीज घेऊन सव्वापाच वॉट उष्णता काढतो असं कंपनी सांगते. पण हे दोन्ही तुमच्या डबीच्या जातीचे नाहीत. त्यांत हवा एका वाटेने आत येते आणि दुसरीने बाहेर जाते, म्हणून ते दाब देऊ शकतात, मुरातावाला तर जवळजवळ दोन किलोपास्कल. तुमचा झोत निव्वळ हवा पाठवत नाही, फक्त संवेग देतो. म्हणून बंद खोक्यात हवा भरणं, लांब नळीतून ढकलणं किंवा दाट फिल्टरमधून नेणं यासाठी तो वापरू नका. प्रोजेक्ट संपत आल्यावर हे कळलं तर फार वाईट वाटतं.

पावसाळ्याबद्दल एक सूचना, विशेषतः कोकणात किंवा किनाऱ्यावर वापरणार असाल तर. लहर एका बाजूला सरकवून दिली म्हणजे सिरॅमिकवर कायम डीसी ताण राहतो. दमट हवेत अशा ताणाखाली चांदी कडेवरून हळूहळू सरकत जाते, गळती वाढते आणि एक दिवस चकती शॉर्ट होते. कडेवर पातळ संरक्षक लेप द्या, पण मध्यावर जाड थर नको. आणि उपकरण बंद असताना डीसीही बंद होईल अशी सर्किटमध्ये सोय करा.

क्रमाने करा: आधी पोकळी २ मिमी आणि पाटी १ मिमी, चिकटपट्टीची चाचणी, मग मऊ कडा, मग व्होल्टेज टप्प्याटप्प्याने ५० पर्यंत, आणि उदबत्तीच्या धुराची रेघ सरळ आल्यावरच एलईडी समोर ठेवा. दोन्ही शिखरांच्या फ्रिक्वेन्सी, व्होल्टेज आणि पाटीचं तापमान लिहून पाठवलंत तर भोकं एकाची चार करायची की व्यास वाढवायचा ते त्यावरून सांगता येईल.